टीव्हीखालच्या पीसीसाठी मदरबोर्ड घेताय? आधी त्याची मागची बाजू बघा

मदरबोर्डच्या खोक्यावर जे काही मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ना, गेमिंग, आरजीबी, ओव्हरक्लॉकिंग वगैरे, त्यातलं काहीच टीव्हीखाली ठेवायच्या पीसीला कामाचं नाही. आपल्याला करायचं काय असतं, पिक्चर लावायचा, यूट्यूबवर अहिराणी गाणी लावायची, हार्ड डिस्कमधे साठलेले लग्नाचे अन कानबाईच्या (आमच्या खान्देशातली देवी) मिरवणुकीचे व्हिडिओ पाहुणे आले की दाखवायचे, अन हे सगळं हॉलमधल्या ४के टीव्हीवर, आवाज साउंडबारमधून, पंख्याची घरघर ऐकू न येता. एवढ्याला जो बोर्ड लागतो तो दुकानातला सगळ्यात स्वस्त बोर्डपण असू शकतो अन सगळ्यात स्वस्त बोर्ड घेऊन पैसे वायापण जाऊ शकतात, फरक फक्त मागच्या पट्टीवर कोणते पोर्ट आहेत अन चिपच्या आत कोणता डीकोडर आहे एवढ्याचाच.

मी ॲसरॉकचा एन१००एम घेतला. अमळनेरला घरी लावलाय, मे महिना त्याने आमच्याबरोबरच सोसलाय, म्हणून आता बिनधास्त लिहितो. बोर्ड चांगला आहे. सगळ्यांसाठी नाही, ते पुढे येईलच.

आधी आमच्या आप्पांचा प्रश्न, कारण तो प्रत्येक घरात कोणीतरी विचारणारच आहे. "टीव्ही शे ना घरमा, मंग हाऊ डबा कसाले?" प्रश्न रास्त आहे. स्मार्ट टीव्हीत यूट्यूब चालतं, ओटीटी चालतं, पेन ड्राइव्ह पण लागतो. पण स्वतःच्या फायली लावायला गेलं की टीव्ही रुसतो. बऱ्याच टीव्हीत डीटीएस (पिक्चरच्या फायलींत असणारा आवाजाचा एक प्रकार) चालतच नाही, चित्र दिसतं अन आवाज गायब. बहुतेक टीव्हीचा लॅन पोर्ट अजून १०० एमबीपीएसचाच आहे, अन ४के ब्लू-रेची डिस्क १२८ एमबीपीएसपर्यंत जाते, म्हणजे तशी मोठी फाइल नेटवर्कवरून लावली की मधे मधे गोल फिरत बसणार. सबटायटल मराठीत असेल तर नुसते चौकोन दिसतात. अन तीन-चार वर्षं झाली की टीव्हीचा प्रोसेसर दमतो, ॲप अपडेट होतात अन टीव्ही तसाच राहतो. पॅनल अजून मस्त असतं, मेंदू म्हातारा झालेला असतो. त्या पॅनलला नवा मेंदू लावायचा एवढंच हे काम.

पण एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर नंतर मला शिव्या द्याल. पैसे भरून जे ओटीटी बघता ते टीव्हीतल्या ॲपवर किंवा टीव्हीला खोचायच्या एखाद्या स्ट्रीमिंग स्टिकवरच बघा. पीसीवर ४के ओटीटी म्हणजे कटकट आहे. नेटफ्लिक्सला विंडोज लागतं, त्यांचं ॲप किंवा एज ब्राउझरच लागतो, बोर्डपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) लागतं, अन लिनक्सच्या ब्राउझरमधे तर बहुतेक ओटीटी ४के देतच नाहीत, तुम्ही कितीही भारी मदरबोर्ड लावा. तिथे हार्डवेअरचा दोष नाही, त्यांचं कुलूपच तसं आहे. म्हणून हा पीसी स्वतःच्या फायलींसाठी, यूट्यूबसाठी अन घरातल्या बाकीच्या खोल्यांना व्हिडिओ पुरवायला. हे पटत असेल तर पुढे वाचा, नसेल तर एक स्टिक घ्या अन सुखी राहा, खरंच सांगतो.

आता डीकोडर. व्हिडिओ फाइल म्हणजे दाबून भरलेला माल असतो, तो उलगडायचं काम एकतर सीपीयूने घाम गाळून करायचं किंवा चिपमधे त्यासाठीच बनवलेल्या छोट्या भागाने आरामात करायचं. माल दाबायच्या पद्धती वेगवेगळ्या. जुना माल एच.२६४ मधे असतो, तो आता कशावरपण चालतो. ४के पिक्चर बहुतेक एचईव्हीसी १०-बिटमधे. यूट्यूब व्हीपी९ अन एव्ही१ वापरतं, त्यातलं एव्ही१ २०१८ मधे आलं अन हळूहळू सगळीकडे पसरतंय. म्हणून आज नवीन बोर्ड घेताना त्यावरच्या प्रोसेसरला एव्ही१ डीकोड येतं की नाही हे बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका. इंटेलच्या एन१०० ला येतं, डेस्कटॉपच्या आय३-१२१०० ला येतं. एएमडीचा ५६००जी, जो दुकानात अजून "ग्राफिकवाला प्रोसेसर आहे साहेब" म्हणून दाखवतात, त्याला येत नाही. तो बाकी कामाला दणकट आहे, सहा कोरच्या ताकदीवर एव्ही१ पण ओढून नेतो, पण मग तापतो, पंखा ओरडतो, अन पिक्चरच्या शांत सीनमधे तो पंखाच ऐकू येतो. एएमडीच घ्यायचं मनात असेल तर डेस्कटॉपच्या रायझन ७००० मालिकेपासून पुढे बघा, त्यात एव्ही१ आलं. पण ते बोर्ड अन डीडीआर५ रॅम मिळून खर्च कुठच्या कुठे जातो, नुसतं टीव्ही बघायला मला ते पटत नाही.

खरेदीला मी जळगावला गोलाणी मार्केटला गेलो, अमळनेरहून गाडी आहेच, सकाळी जा अन संध्याकाळी परत. दोन-चार दुकानं फिरलो. एका दुकानात, नाव सांगत नाही, माणूस गोड होता पण मला आय३-१२१००एफ देत होता, "सेम प्रोसेसर, फक्त स्वस्त." अरे भो, त्या एफचा अर्थच असा की आत ग्राफिक नाही! बोर्डला एचडीएमआय पोर्ट असतं, केबल लागते, अन स्क्रीन काळाच राहतो, मग वेगळं ग्राफिक कार्ड घ्या, त्याचा पंखा ऐका, त्याचं बिल भरा. गेमिंगवाल्या पोरांसाठी एफ बरोबर आहे कारण त्यांना कार्ड लावायचंच असतं. टीव्हीवाल्याने एफ दिसला की हात जोडून पुढे चालायचं.

त्याच दुकानात दुसरी गंमत. स्वस्तातला एक जुन्या चिपसेटचा बोर्ड दाखवला, मागे व्हीजीए अन एचडीएमआय दोन्ही. मी मोबाइलवर कंपनीचं स्पेसिफिकेशनचं पान उघडलं तर एचडीएमआय १.४. आता हे कोणी सांगत नाही. १.४ मधून ४के फक्त ३० हर्ट्झवर जातं. २४ फ्रेमचा पिक्चर त्यावर चालून जाईल, पण क्रिकेट, यूट्यूबचे ६० फ्रेमचे व्हिडिओ, नुसता माउस फिरवणं सुद्धा अडखळत अडखळत होतं. एचडीएमआय २.० मधे ४के ६० हर्ट्झ मिळतं अन मीडिया पीसीला तेवढं पुरतं. बॉक्सवर नुसतं "एचडीएमआय" लिहिलेलं असतं, पोर्ट दिसायला सारखंच, केबल सारखीच, त्यामुळे दुकानदाराला पण बऱ्याचदा माहीत नसतं. स्पेसिफिकेशनच्या पानावर "४०९६ x २१६० @ ६०" दिसलं पाहिजे. "@ ३०" दिसलं तर खोका परत द्या. एखाद्या बोर्डवर एचडीएमआय १.४ असूनपण डिस्प्लेपोर्ट चांगलं असतं, मग डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय कन्व्हर्टरने काम होतं, पण तो चांगला ॲक्टिव्ह प्रकारचा घ्यावा लागतो अन तो एक जादाचा सांधा झाला, बिघडायला एक जादाची जागा. एचडीआरसाठी (जास्त उजेड अन जास्त रंग दाखवणारं चित्र) पण तेच, २.० मधून ६० हर्ट्झला १०-बिट रंग पूर्ण जात नाहीत, थोडे दाबून जातात, पण पिक्चर २४ फ्रेमचा असतो अन टीव्ही त्यावर सेट केला की रंग पूर्ण जातात. म्हणून २.१ च्या मागे धावायची गरज नाही, ते गेम कन्सोलवाल्यांचं दुखणं आहे.

एन१००एम मधे एचडीएमआय आहे ४के ६० वालं, डिस्प्लेपोर्ट आहे, अन व्हीजीए सुद्धा आहे. व्हीजीएला हसू नका, आमच्याकडे गणपतीत मंडळाचा जुना प्रोजेक्टर येतो त्याला तेच लागतं.

एन१०० म्हणजे काय ते थोडक्यात. इंटेलने २०२३ च्या सुरुवातीला काढलेली चिप, चार छोटे कोर, ६ वॅटचा टीडीपी (म्हणजे साधारण किती उष्णता टाकते तो आकडा), बोर्डलाच डिंकवलेली असते म्हणजे नंतर प्रोसेसर बदलायचा विषयच नाही. ती सोल्डर केलेली गोष्ट काही जणांना खटकते. मला नाही खटकत, टीव्हीखालचा पीसी कोणी अपग्रेड करत नाही, चालतोय तोवर चालतोय. ह्याच चिपचे वेगवेगळे बोर्ड मिळतात अन इथेच निवड करायची असते. एसुसचा प्राइम एन१००आय-डी डी४ हा मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० मिलिमीटरचा चौकोन, दिसायला एकदम गोंडस, पण त्याला लॅपटॉपवाली छोटी रॅम लागते अन साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायचा) एकच. ॲसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा १९ व्होल्टच्या लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरवर चालतो, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) लागतच नाही, ज्यांना टीव्हीमागे चिकटवायचं त्यांनी तो बघावा. अन एन१००एम हा मायक्रो-एटीएक्सच्या कॅबिनेटमधे बसणारा, साधी डेस्कटॉपवाली डीडीआर४ रॅम, साधा एसएमपीएस, दोन साटा.

मी तिसरा घेतला ह्याचं कारण तांत्रिक कमी अन खान्देशी जास्त आहे. मिनी-आयटीएक्सचं चांगलं छोटं कॅबिनेट इकडे ठेवतं कोण? ऑनलाइन मागवा, बोर्डापेक्षा महाग पडतं. अन घरात जुनं कॅबिनेट माळ्यावर पडलेलंच होतं, त्यात जुन्या पीसीची डीडीआर४ ची कांडी पण होती. रॅमचा भाव सध्या जळगावच्या सराफ्यासारखा झालाय, सकाळी एक अन दुपारी दुसरा, त्यामुळे असलेली कांडी चालणं हाच मोठा फायदा. ह्या बोर्डला रॅमचा स्लॉट एकच आहे. चिपच सिंगल चॅनेलची आहे, त्यामुळे दोन लावायचा मोह होत असेल तर सोडा, एकच ८ किंवा १६ जीबीची लावा. लायब्ररी बघायला अन पिक्चर लावायला ८ पुरते.

कॅबिनेट जुनं, मोठं, हॉलमधे कसं दिसेल हा प्रश्न घरात आला. टीव्हीच्या लाकडी शोकेसच्या खालच्या खणात आडवं बसलं, दार लावलं की दिसत नाही. पण दार लावलं की हवा पण जात नाही, अन तिथून उन्हाळ्याचा विषय सुरू होतो.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास फिरतो, हे सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांमुळे माहीत आहे, आम्हाला अंगाने माहीत आहे. अशा गावात "फॅनलेस" शब्द वाचून खूश होण्याआधी विचार करावा लागतो. एन१००एम वर फक्त ॲल्युमिनियमचा हीटसिंक आहे, पंखा नाही. एसीच्या खोलीत तो तसाच चालेल. आमच्याकडे हॉलमधे कूलर आहे अन कूलर म्हणजे ओली हवा, खिडकीतून धूळ, म्हणून मी काय केलं, कॅबिनेटला मागच्या बाजूने १२० मिलिमीटरचा एक पंखा लावला अन बायोसमधून (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमधून) त्याचा वेग एकदम खाली ठेवला, अन शोकेसच्या मागच्या प्लायवूडला सुताराकडून हातभर चौकोन कापून घेतला. पंखा कानाला ऐकूच येत नाही. भर दुपारी पिक्चर चालू असताना चिप सत्तरच्या घरात होती, तिची हद्द १०५ आहे, म्हणजे निवांत. आय३-१२१०० लावला असता तर ६० वॅटची बेस पॉवर अन जोर लावला तर ८९, त्याचा सोबत मिळणारा छोटा पंखा त्या बंद खणात किंचाळला असता. विजेच्या बिलात फार फरक पडत नाही, दिवसातून तीन-चार तास चालणाऱ्या गोष्टीचा कितीसा पडणार, पण उष्णता अन आवाज ह्यात पडतो. धूळ मात्र कोणालाच सोडत नाही, दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारायचाच.

वीज. आमच्याकडे लाइट जाते, येते, परत जाते, त्यामुळे बोर्डच्या बायोसमधली एक ओळ मला सगळ्यात जास्त आवडते, "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस". ती "पॉवर ऑन" वर ठेवली की लाइट आली की पीसी आपोआप उठतो, खाली वाकून बटण दाबायला लागत नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी तर फारच सोयीचं. ही सोय बहुतेक बोर्डांत असते, पण नाव वेगवेगळं असतं. फक्त हार्ड डिस्क जोडलेल्या असतील तर असा झटक्याने जाणारा-येणारा करंट त्यांना बरा नाही, छोटा यूपीएस लावा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर "यूपीएस" अन "इको" असं बटण असतं ते बघा, यूपीएसवर ठेवलं की बदल इतक्या पटकन होतो की पीसी बंद पडत नाही. अर्ध्या गावाचे इन्व्हर्टर इकोवर असतात अन मग म्हणतात पीसी टिकत नाही.

अन अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर बोर्ड खराब नाही, तुमच्या प्लगला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसली की त्यांच्यातून पत्र्यावर थोडासा करंट येतो. मारत नाही, पण तोच करंट एचडीएमआय केबल लावताना ठिणगी देतो, विशेषतः टीव्हीला केबलवाल्याची किंवा छत्रीची वायर जोडलेली असेल तर, अन मग टीव्हीचा पोर्ट उडाला की दोष मदरबोर्डला. साउंडबारमधून सतत हूंऽऽ असा आवाज येतो त्याचं मूळ पण बऱ्याचदा हेच. घरामागे मीठ-कोळसा घालून नीट अर्थिंग करून घ्या, वायरमन दोन तासात करतो. अन केबल लावताना टीव्ही अन पीसी दोन्हीचे प्लग काढा. नवीन बोर्डवर पैसे घालण्याआधी हा खर्च करा असं मी कोणालापण सांगेन.

आवाजावर थोडं जास्त बोलतो कारण लोक बोर्डचं "७.१ ऑडिओ" वाचून फसतात. ते ७.१ मागच्या रंगीत जॅकचं आहे, टीव्हीखालच्या पीसीत ते जॅक कोणी वापरत नाही, आवाज एचडीएमआयमधून जातो अन तो चिपच्या ग्राफिकमधून निघतो. म्हणजे बोर्डचा ऑडिओ चिप भारी असो नसो, आपल्याला काही फरक नाही. फरक कशाने पडतो तर पीसी, टीव्ही अन साउंडबार एकमेकांना कसे जोडलेत त्याने. साउंडबारला किंवा ॲम्पला एचडीएमआय इन असेल तर पीसी थेट त्याला लावा अन तिथून टीव्हीला, म्हणजे ट्रूएचडी, डीटीएस-एचडी असला दर्जा न घटवलेला आवाज जो असेल तो अख्खा पोचतो. ते नसेल तर पीसी टीव्हीला अन टीव्हीच्या एआरसीमधून (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं एचडीएमआय पोर्ट) साउंडबारला, आमच्याकडे असंच आहे. साध्या एआरसीमधून डॉल्बी डिजिटल अन डॉल्बी डिजिटल प्लस जातं, ॲटमॉस पण त्या दाबलेल्या प्रकारातलं जातं, पण ट्रूएचडी नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीचा पुढचा प्रकार, लागतं. अन डीटीएस टीव्हीच मधे अडवतो. त्यावर कोडीत (मी पीसीवर पिक्चर लावायला वापरतो ते सॉफ्टवेअर) उपाय आहे, ऑडिओच्या सेटिंगमधे चॅनेल २.० ठेवायचे, पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू करायचा, अन "डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग" ला टिक करायची, मग कोडी डीटीएसला डॉल्बी डिजिटलमधे बदलून पाठवतो अन साउंडबारला मागचे आवाज पण मिळतात. हे केल्यावर आप्पा स्वतःहून म्हटले, "आते आवाज बरोबर येई ऱ्हायना." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पाच स्टार. जुना ॲम्प असेल ज्याला फक्त ऑप्टिकल आहे, तर लक्षात ठेवा एन१००एम च्या मागे ऑप्टिकल पोर्ट नाही, टीव्हीच्या ऑप्टिकलमधून घ्यावं लागेल.

डिस्क ठेवायला जागा हा ह्या बोर्डचा कमकुवत भाग. साटा दोनच. सिस्टिमसाठी एम.२ ची छोटी एसएसडी अन दोन साटाला दोन मोठ्या ३.५ इंची डिस्क, झालं, संपलं. मला पुरलं. ज्यांच्याकडे लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे, डिस्कांचा ढीग आहे, त्यांना पुरणार नाही. एक लांब पीसीआयई स्लॉट आहे जो ग्राफिक कार्डचा वाटतो पण आत दोनच लेनच्या तारा आहेत, गेमिंग कार्ड लावून काही हाताला लागणार नाही, पण साटाचं कार्ड तिथे छान बसतं. आमच्या लहानपणी लोक पीसीत टीव्ही ट्यूनर कार्ड लावून मॉनिटरवर मॅच बघायचे, आता टीव्हीला पीसी लावतोय, उलटंच झालं सगळं.

ज्यांना चार साटा हवे, भाच्याला अधूनमधून गेम पण खेळायचा, ऑफिसचं कामपण त्यावरच, त्यांनी एच६१० चिपसेटचा बोर्ड अन आय३-१२१०० घ्यावा, एफ नसलेला. चार कोर आठ थ्रेड, एन१०० च्या दुप्पट जोर सहज आहे, एव्ही१ डीकोड आहे, पुढे कधी ग्राफिक कार्ड लावता येतं. खर्च जास्त, उष्णता जास्त, अन एच६१० च्या प्रत्येक बोर्डचं एचडीएमआय परत तसंच तपासून घ्यायचं. नुसता टीव्हीच बघायचा असेल तर माझं मत एन१०० ला.

नेटवर्कचं पटकन. लॅन गिगाबिट आहे, वायफाय बोर्डवर नाही, एम.२ चा छोटा स्लॉट आहे, कार्ड अन अँटेना वेगळे घ्यावे लागतात. शक्यतो वायर ओढा. जाड भिंतींच्या जुन्या घरात २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ४के मोठी फाइल चालवणं म्हणजे स्वतःचं बीपी वाढवणं.

सॉफ्टवेअरमधे मी लिब्रेइलेक (कोडीसाठीच बनवलेलं छोटं लिनक्स) टाकलंय, चालू केलं की सरळ कोडी उघडतं, विंडोजचं अपडेट नाही, अँटीव्हायरस नाही, घरातलं कोणीपण चालवतं. एचडीआर पण नीट दिसतं. पण त्यात ब्राउझर नाही हे लक्षात घ्या, यूट्यूब ॲड-ऑनवर चालवावं लागतं अन त्याला थोडी खटपट आहे. ज्यांना माउस-कीबोर्ड अन ब्राउझर हवाय त्यांनी विंडोज ११ टाकावं, एन१०० त्याला चालतो, त्यावर यूट्यूब ४के ६० फ्रेम मी चालवून बघितलं, टॅबांचा बाजार भरवला नाही तर व्यवस्थित. जुनाच पीसी टीव्हीला लावू म्हणणाऱ्यांसाठी, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे फार जुन्या बोर्डवर लिनक्सच टाका. एका मित्राकडे ह्याच चिपवर जेलीफिन सर्व्हर (घरातल्या बाकी उपकरणांना व्हिडिओ पुरवणारं सॉफ्टवेअर) आहे, पोरं वरच्या खोलीत मोबाइलवर बघतात अन खाली टीव्ही चालू असतो, चिपमधला क्विक सिंक, म्हणजे इंटेलचा तो व्हिडिओवाला भाग, व्हिडिओ लहान करून देतो अन सीपीयूला पत्तापण लागत नाही. ६ वॅटच्या चिपकडून मला एवढी अपेक्षा नव्हती.

वॉरंटीबद्दल. मदरबोर्ड कुरियरने पाठवायची वेळ आली की आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या माणसाला ऑनलाइनचे वाचलेले पैसे दिसत नाहीत. म्हणून थोडे जास्त देऊन दुकानातून पक्कं बिल घेतलं, बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला. खोका अन मागची लोखंडी पट्टी टाकू नका.

शेवटी रिमोट, कारण बोर्ड लागला, चित्र आलं, आवाज आला, अन मग घरचे विचारतात टीव्हीच्या रिमोटने का नाही चालत. टीव्हीचा रिमोट एचडीएमआयमधून ज्या सीईसीने बोलतो ते पीसीच्या मदरबोर्डांत जवळजवळ नसतंच, एन१००एम मधे पण नाही. पल्स-एटचा एक यूएसबी ॲडॉप्टर येतो जो एचडीएमआयच्या मधे लावला की काम करतो, पण महाग आहे अन मागवावा लागतो. मी साधा एअर माउस घेतला, डोंगलवाला. तो आधी अडखळायचा, बटण दाबा अन काही होईना, परत दाबा तर दोनदा. कारण बोर्डात किंवा रिमोटात नव्हतं, यूएसबी ३ च्या पोर्टमधून अन त्याला लावलेल्या डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास गोंगाट निघतो, अन डोंगल त्याच लहरींवर बोलतो, वरून पत्र्याचं कॅबिनेट अन लाकडाचं दार आडवं. एक हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या, डोंगल निळ्या पोर्टांपासून लांब काढा अन शोकेसच्या कडेला बाहेर चिकटवा. केबल अगदी स्वस्तातली चालते, कोणत्यापण मोबाइलच्या दुकानात मिळेल.